खोट कुणाच्या रक्तात?

प्रिय नवनाथ,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागदाला तरी मध्येच तोडता येत नाही.

मंगळवारी यशूला रक्त चढवायचं होतं. शुभदा माहेराहून, केमहून, सकाळच्या गाडीनं आली, लेकीला कडेवर घेऊन. मी स्टेशनवर गेले होते. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते, जिना चढवेना तिला. दवाखान्यात यास्मीन नावाची मुलगी आधी तपासणीसाठी रक्त काढते. तिला बघितलं की यशू आपणहून हात पुढं करते. यास्मीननं दंडाला पट्टी बांधली, मूठ आवळायला सांगितली, बोटानं शीर चाचपली आणि सुई घातली. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन ती हलकेच उलटीसुलटी केली, गोठू नये म्हणून. यशू रडली नाही. कापूस लावल्यावर उलट मलाच म्हणाली, "आज्जी, चोळायचं न्हाय, दाबून धरायचं." चार वर्षांच्या लेकराला हे ठाऊक असावं? आणि तिच्या बापाला तिची रक्ताची तारीखही ठाऊक नसावी?

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मीही होते तिथं. रक्तातल्या तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. यशूच्या पेशी नीट घडतच नाहीत, लवकर फुटतात. म्हणून तिला सारखं दुसऱ्याचं रक्त लागणार. आणि हा थॅलेसेमिया आई आणि बाप, दोघांकडून आल्याशिवाय असा होत नाही. "दोघांचेही नमुने द्या," म्हणाले. शुभदानं लगेच बाही वर केली. तू खुर्ची सरकवून उठलास. "आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हाय. हिच्याच रक्तात खोट हाय," म्हणालास, आणि त्याच आठवड्यात तिला माहेरी नेऊन सोडलंस. इंजिनियर ना रे तू? पुण्यात मोठमोठी यंत्रं चालवतोस, आणि एका सुईला घाबरलास! सुईला नव्हे, सुईतून काय निघेल त्याला.

परवापरवापर्यंत शेजारची बजाबाई दारात येऊन विचारायची, "सून कवा येणार?" मी म्हणायचे, येईल की. किती दिवस खोटं बोलणार? शुभदा तुझ्याविरुद्ध अजून एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या गप्प बसण्यानं मला जास्त राग येतो, आणि तो सगळा तुझ्यावर येतो.

त्याच मंगळवारी यशूची बाटली सुरू झाल्यावर मी यास्मीनच्या खुर्चीत जाऊन बसले. "मावशी, तुमाला काय होतंय?" ती म्हणाली. म्हटलं, "मला कुटं काय होतंय? लेक हात पुढं करत न्हाय, तर त्याच्या आईचं बघ." तिनं डॉक्टरांना विचारलं, मग रक्त काढलं. काल डॉक्टरांनी बोलावून सांगितलं. तो दोष माझ्या रक्तात आहे, नवनाथ. मला त्याचा त्रास नाही, कधी कळलंही नसतं. माझ्याकडून तुझ्याकडं आणि तुझ्याकडून यशूकडं. निम्मं शुभदाकडून. यात लाज कुणाची, सांग? माझी? मग घराण्याच्या नावानं मलाही माहेरी सोडून ये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फारकतीआधीच तू रविवारी अक्कलकोटला मुलगी बघायला निघालायस आणि "आई, तू नुसती शेजारी बस" म्हणतोस. मी येणार नाही. मुलीच्या वडिलांना आज सकाळी मीच फोन केला आणि सगळं सांगितलं: तुझी बायको, तुझी लेक आणि माझं रक्त. ते म्हणाले, "ताई, उपकार झाले." शुभदा आणि यशूला मी मंगळवारी परत जाऊच दिलं नाही, त्या आता माझ्याकडंच राहतात, आतली खोली त्यांना दिलीय. तू ये. आलास तर आधी दवाखान्यात जाऊन यास्मीनपुढं हात धर, मग घराची कडी वाजव.

रागावलेली, तरी तुझीच,
आई