आईसाठी अडीच इंचांची टाच

वाडी, नागपूर
दि. ८ एप्रिल १९७६

तीर्थरूप रुपरावमामा यांच्या सेवेशी,

विश्वनाथचा सविनय जयभीम. मामींनाही सांगावा. आपला खोकला आता कसा आहे, पायऱ्या चढताना मामींचा गुडघा अजून वाजतो का, आणि बल्लारशाला ऊन किती तापले, या तिन्ही गोष्टी कळवाव्यात. (मागच्या पत्रात मी दोन विचारल्या होत्या आणि आपण एकीचेच उत्तर दिले, म्हणून या वेळी आकडा लिहिला.) इकडे आईचे पाय सोडले तर सर्व ठीक आहे. पायांविषयी खाली लिहितो. पत्र लांबणार आहे. ते इनलँड पत्रावर मावणार नाही हे आधीच दिसल्यामुळे गोडाऊनमधले आखीव कागद घेतले आहेत, मॅनेजरला विचारून.

माझे शामलाशी लग्न ९ मे रोजी रविवारी सक्करदऱ्याला शाळेच्या आवारात आहे, हे आपणांस कळवलेच आहे. साखरपुड्याला आपली ड्यूटी होती, त्यामुळे तिथे काय झाले ते आपणांस माहीत नाही. शामलाच्या आई सिंधूताई त्याच शाळेत शिक्षिका आहेत. स्वभावाने चांगल्या आहेत, माझी काही तक्रार नाही. पण त्या मुळात उंच, आणि त्या दिवशी टाचेची सॅंडल घालून आल्या होत्या. फोटोग्राफरने सगळ्यांना अंगणात उभे केले. आठ दिवसांनी फोटो आला. त्यात शामला आहे, मी आहे, सिंधूताई आहेत, त्यांचे दोन भाऊ आहेत, सरबताचा ट्रे घेऊन जाणारा एक माणूस अर्धा आला आहे. आई नाही. मी भिंग घेऊन पाहिले तेव्हा सिंधूताईंच्या खांद्यामागे पांढऱ्या केसांची एक रेघ दिसली. तो आईचा भांग. आईने फोटो आधी लांब धरला, मग जवळ धरला, 'मस्त आला, शामला गोरी दिसते' म्हणाली आणि पेटीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मागचे पुढचे काही न बोलता म्हणाली, 'लग्नाच्या फोटोत मी दिसली पायजे.'

मामा, ती काही मागत नाही हे आपणांस ठाऊक आहे. बाबा गेल्याला नऊ वर्षे झाली, तेवढ्या काळात तिने एक छत्री मागितली, आणि ती माझ्यासाठी. म्हणून ही गोष्ट मी मनावर घेतली. सुचवले की तू सगळ्यांच्या पुढे उभी राहा. त्यावर म्हणाली, 'मी का नवरी आहे?' म्हटले, पाटावर उभी राहा. 'पाटावर? मले का ओवाळाचं आहे?' (विटांचा विचारही माझ्या मनात आला होता, पण तो मी बोलून दाखवला नाही.) शेवटी तीच म्हणाली की सिंधूताईंसारखी टाचेची सॅंडल घेऊ. मी दाराच्या चौकटीवर तिची उंची घेतली, फोटोवर पट्टी ठेवली आणि हिशेब काढला. दोन इंचांत डोळे दिसतात. अडीच इंचांत नाक आणि वरचा ओठ मोकळा होतो. हनुवटीसाठी साडेतीन लागतील, पण तेवढे तिला झेपणार नाहीत म्हणून अडीचवर कायम केले.

आता पाय. दवाखान्यात आया म्हणून एकतीस वर्षे ती दगडी फरशीवर उभी राहिली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आहे, करंगळीवर कुरूप आहे, आणि सकाळी उठल्यावर पहिली वीसेक पावले ती भिंत धरून टाकते, इतक्या टाचा दुखतात. मी तिला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, सॅंडल पुढून रुंद हवी, मागे पट्टा हवा, तळ मऊ आणि टाच रबराची हवी, आणि टाच दीड इंचापेक्षा उंच नको. मी विचारले, अडीच चालेल का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि पाय नक्की कोणाचे आहेत असे विचारले. मग मी विचारले की पंजाखालीही एक इंच जाड तळ असला, म्हणजे बाहेरून टाच अडीच पण पायाला उतार दीडच, तर? ते म्हणाले, मग हरकत नाही, पण अशी मिळाली तर मलाही दाखव, माझ्या बायकोला हवी आहे. हे सर्व मी एका कार्डावर लिहून खिशात ठेवले.

पहिल्या रविवारी आईला घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानात गोविंदा नावाचा विशीतला सेल्समन होता. (नाव आईने विचारले म्हणून कळले.) त्याने आईला बाकावर बसवले, स्वतः खाली बसला आणि सॅंडल चढवण्यासाठी तिचा पाय हातात घेतला. इथेच बिघडले. कोणी पायाला हात लावला की आपल्या बायका काय करतात ते आपण जाणता. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 'सुखी राय, बाप्पा. कोनतं गाव तुह्यं?' गाव काटोलकडचे निघाले. माय कशी आहे, लगन झालं का, सकाळी काय खाल्लं, सगळे झाले. तोवर त्याने पट्टा आवळला आणि विचारले, 'कशी वाटते, मावशी?' आई म्हणाली, 'बेस्ट आहे.' तिची करंगळी पट्ट्याच्या बाहेर लोंबत होती ती मला दिसत होती. मी हळूच विचारले तर तिने मला दटावले, 'पाया पडला तो माह्या. आता त्याच्या चपलीले नावं ठेवू का?' जोड घेतला. घरी रिक्षापासून दाराजवळच्या हातपंपापर्यंत चौदा पावले आहेत. सहाव्या पावलाला तिने माझा खांदा धरला. चावते का म्हटले, तर म्हणाली, 'चावत नाही. पकडून ठेवते.' जोड खाटेखाली गेला.

मला वाटले दुकान चुकले. पुढच्या रविवारी दुसरीकडे नेले. तिथला सेल्समन कॉलेजात शिकणारा होता. आईचा स्वभाव पाहून त्याने सॅंडलच्या आधीच स्वतःहून परीक्षेसाठी आशीर्वाद मागितला. दुसरा जोड खाटेखाली. तिसऱ्या दुकानात एकच पाय आत गेला होता, दुसरा अजून जमिनीवर होता, तेवढ्यात आईने दोन्ही पायांना चांगले म्हणून टाकले. तिसराही खाटेखाली.

मग मी विचार केला की तरुण माणूस उपयोगाचा नाही, वयस्क पाहावा. इतवारीत देवाजी म्हणून कारागीर आहेत, वय पासष्ट, मिशा पांढऱ्या, चाळीस वर्षे याच कामात. आई पायरी चढत असतानाच ते म्हणाले, 'उजव्या पायाले हाड आलं आहे. सकाळी टाच दुखते, व्हय ना, माय?' मला इतका आनंद झाला की मी कार्ड काढायचेच विसरलो. पण ते माप घ्यायला वाकले तसे आईने दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. म्हणाली, वडीलधारा माणूस माझ्या पायाला हात लावतो, हे बरे दिसते का? देवाजी म्हणाले, 'माहा धंदाच पायाचा आहे, माय. मी का डोक्याले चप्पल घालू?' तरी ती ऐकेना. आपण त्यांच्यापेक्षा उंच बसलो आहोत म्हणून बाकावरून उतरून खाली बसली. गिऱ्हाईक खाली बसले म्हणून देवाजी अवघडले आणि आणखी मागे सरकून भिंतीला टेकले. आता दोघांमध्ये पाच फूट अंतर झाले. शेवटी आईनेच त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांनी आशीर्वाद दिला, आम्हा तिघांचा चहा झाला, आणि आम्ही पॉलिशची एक डबी घेऊन घरी आलो. (नमस्कार करून रिकाम्या हाताने निघणे तिला बरे वाटेना.) खाटेखालचे तीन जोड त्यामुळे आता चकचकीत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच देवाजींकडे गेलो. कागदावर आईचे पाय काढून नेले होते, एकदा बसलेली असताना आणि एकदा उभी असताना, कारण उभे राहिल्यावर उजवा पाय पाव इंच पसरतो. देवाजींनी कार्ड वाचले आणि म्हणाले की असा जाड तळ हल्ली कॉलेजच्या मुली घालतात, मीही करून देईन. त्यांनी कच्चा जोड बांधून दिला. मात्र एक अट घातली. जोड पायात घालून कुठे बोचतो, कुठे सैल होतो, हे कोणीतरी अगदी खरे सांगितले पाहिजे. त्यावरून ते पक्का करतील. 'मले चांगली आहे म्हननारं गिऱ्हाईक नको. शिव्या देनारं पायजे,' असे त्यांचे शब्द.

तो जोड घरी आणून मी स्वतः आईच्या पायात घातला. म्हटले, मी तर मुलगा आहे, मला खरे सांगेल. तिने दोन पावले टाकली, डोळ्यांत पाणी आले, आणि म्हणाली, 'लय मस्त झाली. तू आता नको फिरू बाप्पा, उन्हाचा.' मी तिला तीनदा विचारले, तिन्ही वेळा लय मस्त. देवाजींना काय सांगू? कच्चा जोड पंधरा दिवस टेबलावर पडून आहे आणि लग्नाला एक महिना एक दिवस राहिला आहे.

असो. लग्नाला आपण आणि मामींनी दोन दिवस आधी यावे. लहानांना माझे प्रेम सांगावे. लिहिण्यात कमीजास्त झाले असल्यास पोटात घालावे.

आपला भाचा,
विश्वनाथ

ता. क. — हे पत्र लिहिण्याचे कारण वर लिहायला धीर झाला नाही, ते इथे लिहितो. आपण १८ तारखेच्या रविवारी नागपूरला येऊन कच्चा जोड आईच्या पायात घालावा अशी विनंती आहे. आपण धाकटे भाऊ, तेव्हा आपण पायाला हात लावल्यास तिची हरकत असणार नाही. आणि दुसरे असे (हे पूर्ण आदराने लिहितो) की माझ्या माहितीत आपण केलेल्या एकाही गोष्टीला ती आजवर चांगले म्हणालेली नाही. आपण आणलेला स्टोव्ह, आपण लावलेले सीताफळ, आपण सुचवलेले माझे नाव, सगळ्यांत तिने खोट काढली आहे. परवाच ती म्हणत होती, 'रुप्यानं आनलेला नारळ आतून फुटकाच निघते.' तो जोड आपण नव्याने बांधून आणला असे सांगितले तर कुठे काय बोचते ते पाच मिनिटांत कळेल. मी वही घेऊन शेजारी बसेन.

ता. क. दुसरे (दि. ९) — पाकीट चिकटवायचे राहिले होते ते बरे झाले. काल सिंधूताई पाहुण्यांची यादी घेऊन आल्या होत्या. खाटेखाली त्यांचे लक्ष गेले आणि मला सगळे सांगावे लागले. त्या म्हणाल्या, 'अहो, पण बुद्धवंदनेच्या आधी चपला मंडपाबाहेर काढाव्या लागतात ना? आणि फोटो तर स्टेजवर वंदनेनंतरच.' मामा, मी आजवर तीसेक लग्नांना गेलो असेन, आणि प्रत्येक ठिकाणी चप्पल बाहेर काढली आहे. (दोनदा चोरीला गेली.) आईलाही हे माहीत होते. दोघांपैकी एकालाही सुचले नाही. मग सिंधूताईंनी स्वतःची सॅंडल काढून पाय दाखवला. त्यांच्याही अंगठ्याला तेच हाड. दोघींनी पाय शेजारी शेजारी ठेवले आणि कोणाचे हाड जास्त आले आहे यावर इतका वेळ बोलल्या की चहा दोनदा गरम करावा लागला. शेवटी असे ठरले की फोटोत दोघी विहिणी पुढे खुर्चीवर बसतील आणि बाकीचे मागे उभे राहतील. फोटोचा प्रश्न मिटला. टाचेची गरज राहिली नाही. तरी वरचे ता. क. रद्द समजावे आणि रजा खर्च करू नये.

ता. क. तिसरे (तोच दिवस, दुपारी) — वरचे दुसरे ता. क. तेवढे आईला वाचून दाखवले (पहिले नाही). ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'फोटोचं झालं. चपलीचं काहून रद्द करून राहिला?' मी म्हटले, तू तर मंडपात अनवाणी असशील. तेव्हा तिने सांगितले ते मला आजवर माहीत नव्हते. दवाखान्यात आयांना कॅनव्हासचे बूट असत, पेशंटची झोप मोडू नये म्हणून. मेट्रनबाई मात्र टाचेच्या बुटात येत. व्हरांड्याच्या त्या टोकाला आवाज झाला की खाटेवर बसलेले नातेवाईक उठून उभे राहत, पेशंट चादर नीट करत. 'मी आली हे कोनाले कधी समजलंच नाही. मांगं जाऊन उभी राहो, त लोक दचकत.' एवढे बोलून तिने सूप झटकले.

शाळेच्या फाटकापासून मंडपापर्यंत फरशी आहे. आईच्या अंदाजाने चाळीस पावले. चपला त्याच्या पुढे काढायच्या आहेत. तेव्हा १८ तारखेला आपण अवश्य यावे, आणि देवाजींना सांगताना टाच रबराची नको म्हणावे. लाकडाची घालून खाली नाल ठोकायला सांगावी. डॉक्टरांना मी काय ते सांगेन. बाकी बोचू नये एवढे पाहावे, पण वाजली पाहिजे.