आजीच्या नावावरचं गाणं

प्रिय वेलिका आत्या,

सोफियाहून तुझ्या फिदांकाचा नमस्कार. रेडिओवर मी गाते ते मेंढपाळाचं गाणं आजीचं नाही गं, मीच रचलंय. इथे गावाकडची जुनी गाणीच घेतात, म्हणून फॉर्मवर आजीचं नाव ठोकून दिलं. आता शुक्रवारी रेडिओचे संपादक रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन तुझ्याकडे येतायत, आजीचं गाणं तुझ्या तोंडून ऐकायला. "असलं गाणं आमच्या घरात कुणी गायलं नाही," असं तू म्हणालीस, तर माझी नोकरी गेलीच. पण तुला खोटं बोल कसं म्हणू?

इतकं लिहिलं आणि पत्र पर्समध्येच राहिलं. आज सोमवार. संपादक खूश होऊन आले. "आत्याबाई तंबाखूची पानं ओवता ओवता गायल्या!" म्हणाले. मी टेप ऐकली. "आई रोज गायची हे," तू म्हणतेस, आणि माझी तिन्ही कडवी गाऊन चौथं गातेस. मी मेंढपाळाला बर्फात हरवून सोडलं होतं. तू त्याला घरी आणलंस.

चौथं मी लिहिलेलंच नाही, आत्या. लहानपणी तुझ्या आणि आजीच्या शेजारी बसून मीही पानं ओवायचे. हे पत्र आता टाकत नाही, तू काय उत्तर देशील याचीच धास्ती वाटते. हे गाणं मी खरंच रचलंय ना?

तुझी,
फिदांका