फवारे चालू

सोमवार, ४ मार्च १९५७. भांडुप.

आज कामावर रुजू झालो. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'श्री. विद्याधर ओगले, इंजिनियर'. इतकं बरं वाटलं की उगाच दोनदा त्या फळ्यावरून जाऊन आलो. कारखाना गारगोटी दळून पूड करतो. ती पुढे काचेला आणि चिनीमातीच्या भांड्यांना लागते. राहायला फाटकालगतचीच खोली मिळाली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. माणिकला आवडेल, पाऊस सुरू झाला की तिला माहेरून घेऊन यायचं. मॅनेजर श्यामकांत दिघे यांनी चहा पाजला आणि म्हणाले, नवा मनोरा बघून घ्या, आजपासून तो तुमचा.

गुरुवार, ७ मार्च

मनोरा म्हणजे दोन पुरुष उंच लोखंडी पिंप, दळणाच्या शेडच्या मागे. शेडमधली धुळीची हवा पंखा ओढतो आणि खालून पिंपात सोडतो. वरून बारीक तोट्यांतून पाण्याचे फवारे पडतात. थेंब धुळीला धरून खाली आणतात. स्वच्छ हवा वर निघून जाते आणि दुधासारखं पाणी हौदात. बाजूला एक काचेची खिडकी आहे, तिच्यातून सगळं दिसतं.

शेडमधल्या पाचही जणांना दाखवलं. म्हटलं, डोळ्यांना दिसते ती धूळ नाकातच अडते. न दिसणारी छातीत जाऊन बसते. तिला धरायला थेंबही तितकाच बारीक हवा. सगळ्यांत मन लावून ऐकत होता तो गुणाजी. कुडाळकडचा, आठ वर्षं चक्कीवर आहे, तोंडाला पंचा गुंडाळलेला. त्याचा धाकटा भाऊ लवू गोण्या भरतो. गुणाजीने हौदाच्या पाण्यात हात घातला, पांढरा झालेला तळवा बघितला आणि म्हणाला की एवढं सगळं आजवर आमच्या पोटात जात होतं. बाकीचे हसले.

शुक्रवार, २२ मार्च

गुणाजीला खोकला आहे. पाडव्याला गावी जाऊन शेती बघायची, परत यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. आता मनोरा आलाय, तर राहू का, असं विचारायला तो खोलीवर आला. मी म्हटलं, "राहा. हवा आता स्वच्छ आहे. पंचाचीसुद्धा गरज नाही."

त्याने तिथेच पंचा सोडला. चेहरा पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं होतं चाळिशीचा असेल. माझ्याच वयाचा आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल

विहिरीने तळ गाठला. आहे ते पाणी चक्क्यांचे बेअरिंग थंड ठेवायला लागतं. दिघ्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पावसापर्यंत फवारे बंद ठेवा, पंखा मात्र फिरू द्या. आवाज तोच राहतो, माणसं बिथरत नाहीत. आणि कारखान्याच्या वहीत नेहमीसारखं 'फवारे चालू' लिहा, निरीक्षक कधीही येतो.

मी हरकत घेतली. फार नाही.

सोमवार, ६ मे

दुपारच्या सुट्टीत गुणाजी आला. म्हणाला, पुडीचा वास पुन्हा यायला लागलाय. मग हळूच विचारलं, "सायबांनू, पाणी चालू आसा ना?"

मी म्हटलं, "चालू आहे."

इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. तो मान हलवून शेडमध्ये गेला. पंचा खांद्यावरच होता.

शनिवार, १ जून

गुणाजीला चार पायऱ्या चढवत नाहीत. लवूने त्याला पाठुंगळी घेऊन डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतात दुखणं जुनं आहे, आठ वर्षांचं. हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणत होतो.

शनिवार, ८ जून

गुणाजी गेला. मर्तिकाला गेलो, लांब उभा राहिलो. लवूनेच येऊन माझा हात धरला.

परत येऊन कारखान्याची वही उघडली. आजही लिहिलं, फवारे चालू.

शनिवार, १५ जून

चार दिवस पाऊस आहे. विहीर भरली. सकाळी मी स्वतः पाणी सोडलं. सगळ्या तोट्या नीट चालतात का, हे बघायला काचेशी डोळा लावला.

पाणी सगळीकडे पडत होतं, मधली एक जागा सोडून. माणसाच्या उंचीची जागा. थेंब वरच अडत होते, खांद्यांवरून ओघळत होते, दोन हातांवरून खाली येत होते. आत काही नव्हतं. नुसता ओला आकार, आणि त्याची छाती वर-खाली होत होती.

पाणी बंद केलं. पिंप रिकामं.

मंगळवार, १८ जून

दिघ्यांना दाखवलं. त्यांना फक्त पाणी दिसलं. म्हणाले, चार दिवस रजा घ्या.

अंघोळ केली. अंगावरून उतरलेलं पाणी पांढरं. हौदातल्यासारखं. पुन्हा केली. चौथ्या वेळीही पांढरंच. माणिकला पत्र टाकलं, एवढ्यात येऊ नकोस.

शुक्रवार, २१ जून

शेवंतीकडे गेलो, गुणाजीच्या बायकोकडे. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तिने चहा केला. न विचारताच म्हणाली, "ते रोज दुपारी येतत. पाणी मागतत. मी दितंय, पण सगळा जमनीर पडता." उंबऱ्याशी जमीन ओली होती, कडेने वाळून पांढरी झालेली.

मग म्हणाली, ते म्हणायचे, सायबाचं पाणी आलं, आता मी जगणार.

चहा पिऊन परत आलो. सांगितलं नाही.

मंगळवार, २५ जून

तोट्या चोंदल्या. नव्या मागवल्यात, तोवर फवारे बंद — दिघ्यांचा हुकूम. गुणाजीच्या चक्कीवर लवूला घातलंय. तोंड उघडं. म्हटलं, पंचा बांध. हसून म्हणाला, तुम्ही असताना कशाला —

पाणी बंद आहे. तरी काच आतून ओली. मधोमध तळवा टेकलेला.

बुधवार, २६ जून

सुट्टीत लवूला आणि बाकीच्यांना मनोऱ्यापाशी बोलावलं. आज सांगायचंच. तोंड उघडलं —

आवाज नाही. घशातून पूड आली. तळहातावर पांढरी, कोरडी. त्यांना वाटलं ठसका. लवू धावत तांब्या घेऊन आला, पाठ चोळली, माझं डोकं धरून पाणी पाजलं. पाणी तोंडात गेलं. घशाला लागलंच नाही. सदरा भिजला, पायाशी थारोळं —

सगळे किती मायेने बघत होते.

गुरुवार, २७ जून. सकाळ.

आवाज नाहीच. खुर्चीवर तो बसलाय. सीट ओली, पाठ ओली, मधे काही नाही. मी म्हणत होतो, सूड घ्यायला येतो. रागावलेला नाही. नुसता माझ्या हाताकडे बघतोय. लिहितोय का ते.

लिहितो. हे पान फाडून लवूच्या हातात द्यायचं, भोंग्याच्या आत. त्याला वाचता येतं.

१९ एप्रिल ते १४ जून फवारे बंद होते. मला माहीत होतं. गुणाजीने विचारलं, मी खोटं बोललो. वहीतलं सगळं माझ्या हातचं. परवापासून पुन्हा बंद आहेत —

निबात पूड अडकते. झटकली. पुन्हा —

बोटं पांढरी. दिसत नाहीत नीट —

भोंगा झाला. खिडकीतून लवू दिसतो, चाललाय शेडकडे, पंचा खांद्यावर — हाक मारता येत

लवू, आत जाऊ न