छावणीच्या फाटकावरचा राक्षस

अण्णा, मी तुमचा राक्षस केलाय. समोर असतात तर "असल्या पोरखेळानं भाकर मिळती का?" म्हणत वही भिरकावली असतीत. मिळते, अण्णा. मी आता खेळ रचते. टेबलाभोवती पाच-सहा मोठी माणसं बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, फासे टाकतो आणि मी सांगेन त्या जगात जगून दाखवतो. माझं जग संपलेलं आहे. नद्या आटल्यात, साखर कारखान्याच्या थंड धुरांड्यात भुतं राहतात आणि चाऱ्याची शेवटची गंजी एका छावणीत आहे. तिच्या फाटकावर कानाला पेन्सिल लावून राक्षस बसतो. पुण्यातल्या लोकांना ती पेन्सिल फार भारी वाटते.

ऊस वाळला, गाळप बंद पडलं, तेव्हा कारखान्यानं तुम्हाला जनावरांच्या चारा छावणीच्या फाटकावर नोंदीला बसवलं. मोठं जनावर आत, शेळी-मेंढी बाहेर, असा नियम. शेजारची चाची, पंक्चरवाल्याची बायको, शेळी घेऊन तुमच्यापुढं उभी आहे. "भाऊ, एकच हाय वो. पोरीला हिचंच दूध हाय." तुम्ही मान वर करत नाही. "नियम हाय, चाची. मी काय करू?" त्याच छावणीत आपली म्हैस दोन पेंढ्या जास्त खायची, ते कोणत्या नियमात बसत होतं? तेव्हा विचारायची छाती नव्हती आणि आता तुम्ही नाही. सोयीस्कर मेलात.

चाचीनं मग शेळी गुपचूप आपल्या म्हशीच्या आडोशाला बांधली. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी तुम्ही शेळीला कान धरून फाटकाबाहेर काढलंत, मोजणीला साहेब येणार होता म्हणे. चाचीनं ती नांदूरघाटच्या बाजारात खाटकाला दिली आणि आपल्याशी बोलणं टाकलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, खरंय. पण तुमच्या उपाशी राहण्यानं त्या पोरीच्या वाटीत दूध आलं नाही.

खेळात सगळे छावणीत जनावर लपवतात, शेवटी राक्षसाला मारतात आणि मी दर वेळी मारू देते. परवा एकीनं फासे मुठीत धरून विचारलं, "पण लपवलेलं जनावर त्याला कळतं कसं?" मी म्हटलं, वासावरून. सगळ्यांना पटलं.

वासावरून नव्हतं कळलं. "आपल्या म्हशीपुढचं उसाचं वाढं इतक्या लवकर कसं सरतंय गं?" एवढंच तुम्ही विचारलं होतं. शेळी बांधताना चाचीनं माझा हात धरून बजावलं होतं, "बेटा, कुणाला बोलू नको." तरी तुम्ही शाबासकी द्याल म्हणून मी म्हशीच्या आडोशाकडं बोट दाखवलं. "लई हुशार हाय माझी पोर," म्हणालात. आणि चाचीला मात्र जन्मभर सांगत राहिलात की शेळी तुम्हालाच दिसली.

हे पान मी खेळाच्या वहीत लावणार नाही. लावलं तर राक्षसावर कुणी हात उचलणार नाही, आणि मला तो अजून मेलेलाच हवाय.