बॉनेटवरची गोधडी

६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी सेल्फ मारला, गाडी नुसती खोकली. चौथ्या खेपेला उठली. काचेवर पांढरा थर, वायपर चिकटून बसलेला, दाराचं हँडल हाताला डसतं. वसईच्या माणसाने बर्फ बघायचा तो मासळीच्या टोपलीत. इथे मस्कतकडच्या जबलवर, म्हणजे डोंगरावर, तो माझ्या पिकअपवर येऊन बसतो. ए.टी.एम. कार्डाने काच खरवडली. बोटं बधिर.
खाली निझव्याच्या बाजारात लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. माझ्या अंगात दोन स्वेटर आणि कानटोपी. भाजीवाला हसला. हस बाबा.
फिलोचा फोन. सलालाहला ती अजून पंखा लावून झोपते. एकाच देशात नवरा-बायको आणि मधे अख्खं वाळवंट. ती तिथे दवाखान्यात नर्स, रियाची शाळा तिथे. मी इथे डोंगरावर गेस्ट हाउसचा भाजीपाला, गॅस आणि धुतलेल्या चादरी वाहतोय.

१० डिसेंबर, मंगळवार
आजची तारीख लक्षात ठेवायची.
अर्बाब वर आला होता. गेस्ट हाउस त्याचं, गाडी त्याची, माझा व्हिसाही त्याचाच. डाळिंबाच्या बागेच्या बांधावर बसून कहवा पीत म्हणाला, "शूफ, वाल्टर. ठंडी खलास, मैं नया गाडी लेगा. ये गाडी सलालाह जाएगा, मेरा भाई खमीस के पास. उसका नारियल का काम. ड्रायव्हर भी मंगता उसको."
मी कप तसाच धरून. विचारलं, कोण जाणार?
"गाडी ठीक, तो गाडी के साथ तुम. गाडी खराब, तो गाडी भंगार में, तुम इधर."
जानेवारीच्या शेवटी खमीस स्वतः येऊन गाडी बघणार.
फि.ला लगेच कळवलं. तिने सगळं दोनदा परत सांगायला लावलं. मग, "खरं सांग वाल्टर, खरं आहे की इन्शाल्लावालं?" मी म्हटलं, अर्ध-अर्ध. तेवढ्यावरही ती रडली.

१३ डिसेंबर, शुक्रवार
म्हातारीची बडदास्त सुरू. (आजपासून पिकअपला म्हातारीच म्हणणार, बारा वर्षांची आहे.) बॅटरीची टोकं घासली, ग्रीस लावलं. टायरची हवा थंडीने उतरते, ती रोज बघायची. हँडब्रेक ओढायचा नाही, रात्री जाम होतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड. तोंड उगवतीला करून लावायची, म्हणजे पहिलं ऊन थेट बॉनेटवर. उतारावर लहान गिअर, ब्रेकवर पाय कमीत कमी. रस्त्याच्या कडेला वाळूचे चढ करून ठेवलेत ते ब्रेक गेलेल्यांसाठी. आपल्याला तिथे जायचं नाही, आपल्याला सलालाहला जायचंय.
आणि आईने शिवलेली गोधडी रात्री बॉनेटवर. तिच्या जुन्या लुगड्यांची. फि.ला व्हिडिओवर दाखवली तर म्हणते, "लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या अंगावर कधी पांघरूण सरळ केलं नाहीस. त्या बयेवर गोधडी!"
तू जवळ असतीस तर केलं असतं, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं.

२१ डिसेंबर, शनिवार
फि.ने सलालाहच्या बसमधून पार्सल पाठवलं. निझव्याच्या स्टॉपवर घेतलं. नेवऱ्या, कुलकुल, रियाने रंगवलेला तारा, आणि पाण्याची मोठी बाटली. फादरकडून आशीर्वाद घेतलेलं पाणी. "बॉनेटवर शिंपड, चाकांवर शिंपड. उरलेलं गटारात टाकू नकोस हं!" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. घरी उरलेलं पाणी आई तुळशीसारखं जपून मोगऱ्याच्या मुळाशी ओतायची.
शिंपडलं. चारही चाकांना, स्टिअरिंगला, स्वतःच्या डोक्यालाही. तरी बाटली जवळजवळ भरलेली. इथे मोगरा कुठला? सगळा दगड. रेडिएटर उघडून बघितला तर पाणी थोडं कमी होतं. म्हटलं, याहून चांगली जागा कोणती. गाडीच्या काळजातच गेलं.
बरं वाटलं. तारा आरशाला टांगला.

२५ डिसेंबर, बुधवार
नाताळ. गेस्ट हाउस फुल्ल, थंडी बघायला मस्कतहून लोक आलेत. तीन फेऱ्या. मिस्साला जाणं शक्य नव्हतं. संध्याकाळच्या चढावर एका वळणाला गाडी बाजूला घेऊन प्रार्थना म्हटली, आमच्या बोलीत, मोठ्याने. ऐकायला फक्त बकऱ्या होत्या.
रियाने समुद्राच्या वाळूचा गोठा केलाय. बाळ येशूशेजारी एक निळी खेळण्यातली पिकअप उभी. "डॅडी, तो तू आहे. You are coming with the shepherds."
मग म्हणाली, "डॅडी, मला खरा आइस पाहिजे. फ्रिजवाला नको. तुझा माउंटनवाला."
बागेतल्या बादलीवरचा एक तुकडा किचनच्या फ्रीझरमध्ये डब्यात ठेवलाय. आत जुनिपरच्या झाडाची काडी अडकलेली आहे.
फि. लाल साडी नेसली होती. फोनची काच पुसून बघितली तरी नीट दिसेना, डोळे माझेच.

५ जानेवारी, रविवार
वाट लागली.
कालची रात्र या हिवाळ्यातली सगळ्यांत गार. नळातून पाणी येईना, ओहळाच्या कडेला बर्फाची किनार. म्हातारी मात्र पहिल्या सेल्फला उठली. मी तिच्या डॅशबोर्डवर थाप मारली, शाब्बास म्हटलं. दुसऱ्या वळणाला हीटरमधून गार वारा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर. लगेच बंद केली. बॉनेट उघडलं तर खालचा पाइप काठीसारखा कडक. आत बर्फ. ऊन आलं तसं रेडिएटरच्या खालून थेंब थेंब गळायला लागलं.
रिकव्हरीच्या गाडीवर लादून निझव्याला. मेकॅनिक शफीक म्हणाला, "भाईजान, इसमें कूलंट है कहाँ? सब पानी है।"
खालच्या सवयीने वर्षभर नळाचं पाणी भरत आलो. खाली गरमीत सगळेच भरतात, चालून जातं. थंडीत न गोठणारं ते कूलंट आधीच पातळ झालं होतं आणि त्यात मी बाटलीभर आशीर्वाद ओतला.
इंजिन वाचलंय की नाही, उद्या कळेल. फि.ला काय सांगू? तिने पाठवलेल्या पाण्यानेच, असं कळलं तर ती स्वतःला दोष देत बसेल.

६ जानेवारी, सोमवार
इंजिन वाचलं! वेळेवर बंद केली म्हणून. रेडिएटर मात्र दुसरा.
अर्बाबला सांगणं भाग होतं.  "ऊपर में पानी डाला?" तो ओरडला. "ये जबल है, वाल्टर! तुम बहर का आदमी, समुंदर का आदमी!" मग विचारलं, अख्खी बाटली का ओतली. सांगितलं खरं ते. चर्चचं पाणी, फेकायचं नसतं.
त्याने दाढी खाजवली. "हम भी ज़मज़म नहीं फेंकता," म्हणाला. पुढे रागावलाच नाही. फक्त म्हणाला की खमीसने बघेपर्यंत अजून एकदा बिघडली तर खलास.

७ जानेवारी, मंगळवार
शेवटी फि.ला सांगितलं.  वाटलं रडेल. पण हसायला लागली ती थांबेना. "अरे येड्या, शिंपड म्हटलं होतं, ओत नव्हे! देवाने तरी काय करावं, तू त्याला थंडीत उघडा ठेवलास!"
तिचं ते हसणं. किती महिन्यांनी. फोन कानाला लावून मी तसाच उभा, गॅरेजच्या दारात, शफीक चहा घे म्हणतोय तरी.

१७ जानेवारी, शुक्रवार
म्हातारी ठणठणीत. पुरेसं कूलंट, नवा बेल्ट, रोज रात्री गोधडी. अर्बाबचा शेजारी विचारतो, गाडी बाळंतीण आहे का? असू दे.
रोज सकाळी ती सुरू झाली की पहिल्यांदा सलालाहच आठवतं. फि.च्या स्वयंपाकघराची खिडकी, खाली नारळाची झाडं, ओल्या केसांची ती. स्टिअरिंग धरलं तरी हात तिथे जातो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने असलं लिहू नये. लिहिलं.

३० जानेवारी, गुरुवार
खमीस आला. पहाटे काच पांढरी असतानाच बाहेर आला, मुद्दाम. बॉनेटवरची गोधडी बघून हसत सुटला. स्वतः उचलली, घडी करून माझ्या हातात दिली. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात! खाली चेकपोस्टपर्यंत नेऊन परत आणली. मी शेजारी बसून आरशावरचा तारा बघत होतो.
"ज़ैन," म्हणाला. "ज़ैन जिद्दन." गाडी पसंत.
मी फि.ला लिहायला फोन काढला, तेवढ्यात अर्बाबने खांद्यावर हात ठेवला. "वाल्टर, तुम बहोत अच्छा आदमी. बारा साल का गाडी ऐसा कौन रखता? नया गाडी आएगा, वो भी तुम ही संभालेगा. मैं तुमको नहीं छोडेगा."
आपल्याच हाताने आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. गाडी जीव लावून जपली, म्हणून गाडी जाणार आणि मी राहणार.

३१ जानेवारी, शुक्रवार
दिवसभर जेवण गेलं नाही. खमीस सकाळीच मस्कतला गेला, तिथून विमानाने घरी.
संध्याकाळी अर्बाबकडे गेलो. कबूल केलं होतंत, म्हटलं. रियाचा फोटो दाखवला, गोठ्यासमोरचा, निळ्या पिकअपचा. त्याने तो मोठा करून बघितला. फोन परत दिला.
मग: "गाडी सलालाह तुम छोडेगा. वापस बस." मी निघताना पुन्हा: "खमीस मेरा बडा भाई. वो अपना मुँह से मांगेगा तो मैं ना नहीं बोल सकता. लेकिन मांगना उसको है. मैं नहीं देगा, तुम भी नहीं मांगेगा."
म्हणजे दार बंद नाही. पण उघडायचं तिसऱ्याने. फि.ला फक्त एवढंच कळवलं: गाडी घेऊन येतोय. बसचं सांगवलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
हैमा, अर्ध्या वाटेवर. पंपावर मुक्काम. दोन्ही बाजूंना सपाट, सकाळपासून एक वळण आलं नाही. डोंगराची सवय लागलेल्या माझ्या पायाला ब्रेक मारायची वेळच आली नाही. दुपारी कानटोपी काढली, मग एक स्वेटर, मग दुसरा. हीटरचं बटण बंद केलं. काटा मधोमध, हलत नाही.
रियाचा बर्फ थर्मोकोलच्या खोक्यात, वर टॉवेल. उघडून बघायचं धाडस नाही.
बसचं तिकीट शर्टाच्या खिशात. तेही बघत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
पोचलो. डोंगर उतरल्यावर समुद्राचा वास आला आणि मी काचा खाली केल्या.
रिया एवढी उंच झालीय! मोबाइलवर उंची कळत नाही. खोकं उघडलं तर पाणी, त्यात जुनिपरची काडी. तिचं तोंड उतरलं. मग स्वतःच डबा उचलून फ्रीझरमध्ये ठेवला. "No problem, डॅडी. पाणी तर तिथलाच आहे."
फि. बारीक झालीय. दारातच माझ्या हाताची बोटं एकेक करून बघितली, सालपटं निघालेली. खोबरेल तेल आणायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.
जेवणात बांगडा, नारळाच्या रसातला. तीनदा भात घेतला.

१० फेब्रुवारी, सोमवार
उठलो तेव्हा शर्ट धुवायला गेलेला. टेबलावर बसचं तिकीट, उडू नये म्हणून वर मिठाची बरणी. फि.ने विचारायच्या आधी मीच सगळं सांगितलं: अर्बाब काय म्हणाला, खमीसने का मागायला हवं, मी का मागू शकत नाही. ती चहा गाळत ऐकत होती.
"म्हणजे तू मागायचं नाहीस."
"नाही."
"बरं," म्हणाली आणि खाली गेली.
खिडकीतून बघितलं. गल्लीत कडक ऊन, माणसं सावली धरून चालतायत आणि म्हातारीच्या बॉनेटवर फि. आईची गोधडी पसरतेय. चारी टोकं नीट ओढून, सुरकुत्या काढून. शेजारची मल्याळी बाई गॅलरीतून बघत राहिली.
वरून ओरडलो, "अगं, इथे कशाला? घाम फुटेल तिला!"
तिने मान वर केली. "खमीस विचारेल ना, ही कशाला म्हणून. मग सांगेन मी. म्हणेन, बाबा, गाडीला सवय लागलीय. रोज रात्री घालायला आणि रोज सकाळी काढायला हिला हिचा माणूस लागतो."
खमीस नाश्ता करून येतो म्हणाला होता. चावी टेबलावर आहे, तिकिटाशेजारी. रिया फ्रीझर उघडून दर पाच मिनिटांनी बघतेय, काडी धरून हलवते, अजून घट्ट नाही म्हणते.
खाली हॉर्न वाजला, खमीस आला. फि. अजून गाडीजवळच उभी आहे, हात गोधडीवर.