घाटातून जायचं

ताई,

माझ्या पदवीनिमित्त ठरलेल्या सहलीचा रस्ता आखताना मी मुद्दाम घाट टाळला होता. डोंगराला वळसा घालून किनारा गाठायचा आणि मग जंगलात जायचं. घाटातल्या त्या अपघातानंतर बाबांनी ट्रक चालवणं सोडलं, तेव्हापासून आपल्या घरात घाटाचं नाव कोण काढतं?

नकाशा बघून बाबाच म्हणाले, "पदवीधर बाई, एवढा वळसा कशाला? घाटातून जाऊ."

मी विचारलं, "तुम्हाला जमेल?"

"गाडी तू चालव. मी आयुष्यभर रस्ताच बघितला, दरी बघायची राहिलीय."

आई म्हणाली, "मग खिडकीसाठी माझ्याशी भांडू नका."

किती हलकं वाटलं गं! पण हे तुला स्वतः सांगायचा हट्ट बाबांनी धरलाय, म्हणून पत्र टाकत नाही.

तुझी,
धाकटी