कॅरॅव्हानचा पोर्च आणि ओवीची सुट्टी

६ जून, शनि.
मस्कतहून दुपारी दुक्मला साइटवर परत. कंबर गेली. निघताना ओवी गळ्यात पडली, "बाबा, मी पण येणार तुझ्या कॅरॅव्हानमध्ये." नऊ वर्षांची झाली पोर. बाप कुठे राहतो ते तिने एकदाच पाहिलंय, फेब्रुवारीत. दाराबाहेर कापडी पोर्च होता, पण नावाला. चहूकडून वारा, वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ. संध्याकाळपर्यंत छातीत घरघर सुरू. दुसऱ्या दिवशी पहाटेच परत नेलं.
आता शाळेला सुट्टी. यंदा गावीही जाणं नाही. सुनंदा म्हणाली, "एकोणीसला येतो आम्ही. पण पुन्हा तिची छाती भरली तर त्याच दिवशी परत. आणि मग मी तिला तिकडे आणणार नाही, आधीच सांगते."
बायकोचं चुकत नाही. तीन वर्षं एकटी निभावतेय मस्कतमध्ये. आजारपणं, शाळा, सगळं.
वाटेत इब्राला तंबू शिवणाऱ्या साईदचाचांना नव्या पोर्चचं माप दिलं. म्हातारा ओमानी, हिंदी माझ्यापेक्षा बरी. इंजिनियरला ते मुहंदिस म्हणतात. "मुहंदिस, किस के लिए?" म्हटलं, बेटी. "खलास," म्हणजे ठरलं. "गुरुवार को मिलेगा."

११ जून, गुरु.
भाजीच्या गाडीबरोबर कापड आलं. शब्दाचा पक्का माणूस! काठ दुहेरी शिवलाय, आत जाड दोरी. ती दोरी भिंतीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत सरकवायची. अडली तेव्हा साबण चोळला, सर्रकन गेली. वर बोटभरही फट नाही.
घडीत खजुराची पिशवी निघाली. ओवीसाठी. मी तिचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांना.

१२ जून, शुक्र.
सुट्टी. सकाळपासून खुंट्या. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, म्हणून हातभर सळया. डावीकडून सुरू केलं, एकेक दोर ताणून पक्का. उजवीकडे पोचलो तर पोर्चच्या दाराची चेन लागेना! चार बोटांचं अंतर. ओढतोय, घाम गाळतोय, शिलाई करकरतेय.
मुश्ताकभाई चहाचा ग्लास घेऊन बघत उभे. आमचे पाइप फिटरचे फोरमन, मुलतानचे. म्हणाले, "साहब, फ्लँज पे तो हमको डाँटते हो."
झक मारली! पाइपच्या जोडाचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर एक बाजू बसते आणि दुसरी उघडी राहते. याच कारणासाठी मी त्यांचे दोन जोड रिजेक्ट केलेत. मी क्वालिटीवाला! आणि स्वतःच्या घराला डावीकडून आवळत सुटलो.
सगळं सोडलं. आधी चेन बंद. मग समोरासमोरचे कोपरे, थोडं हे, थोडं ते. दोघांनी मिळून तासाभरात. कापड चापूनचोपून बसलं. मुश्ताकभाई म्हणाले, "अब पास है." कान धरले मी.

१३ जून, शनि.
वारा. संध्याकाळी पोर्चमधल्या टेबलावर बोटाने नाव लिहिता आलं. धूळ तेवढीच. काय करू आता? सु.ला फोनवर काही बोललो नाही.

१४ जून, रवि.
बुद्धमूर्ती पोर्चमध्ये आणली, खाली चौरंगावर. वंदनेला बसलो. मेणबत्ती फडफडत होती. अगरबत्तीचा धूर वर जायचा सोडून सरळ चेनकडे पळत होता. त्रिसरण कसंबसं झालं, पंचशीलात लक्ष पार उडालं. क्षमा असावी.
उठलो, अगरबत्ती हातात घेऊन जमिनीलगत फिरवली. पायरीजवळ धूर एकदम आडवा. बरोबर! कॅरॅव्हान विटांच्या ठोकळ्यांवर उभी, खाली गुडघाभर मोकळी जागा. मागून आलेला वारा पोटाखालून थेट पोर्चमध्ये. मी तीन बाजू शिवत बसलो आणि चौथी सताड उघडी.

१६ जून, मंगळ.
स्टोअरमधून रबराची जुनी शीट आणली, रीतसर पास काढून. कॅरॅव्हानच्या खालच्या कडेला झालर लावली, पायथ्याशी वाळूच्या पिशव्या. खांब भिंतीला टेकतात तिथे बारीक फटी होत्या. मुश्ताकभाई गेले आणि फोमचे तुकडे घेऊन आले. स्वतःची गादी कापली होती! मी ओरडलो. ते म्हणाले, "मेरी भी बेटी है साहब. दो साल से देखी नहीं."
हात धरला त्यांचा.
नंतर अगरबत्ती लावली. धूर सरळ वर. बघत बसलो नुसता.

१९ जून, शुक्र.
आल्या! ओवी पोर्चमध्ये शिरली आणि ओरडली, "बाबा, तुझा घर टेंटवाला आहे! सो कूल!" खजूर खात सुटली. सु.ने ओवीचा दम्याचा पंप टेबलावर ठेवला, हाताशी. कपड्यांची बॅग मात्र उघडली नाही.

२० जून, शनि.
सकाळपासून वारा असा की बाहेर पलीकडची कॅरॅव्हान दिसेना. आत पत्त्यांचा डाव चालू. ओवी लबाडी करते, आईवर गेलीय. दुपारी सु.ने टेबलावर बोट फिरवलं, मला दाखवलं. स्वच्छ. "बरं केलंयस," म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.
किती माणसांचे हात लागले या फडक्याला.

२३ जून, मंगळ.
सकाळी ओवी खोकली. तीनदा. सु.ने कप खाली ठेवला, तिच्या पाठीला कान लावून बसली. बराच वेळ. मी बूट हातात धरून उभा. म्हणाली, "तू जा ड्यूटीवर. संध्याकाळी बघू."
बघू म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. दिवसभर फोन खिशातून काढतोय, ठेवतोय. मुश्ताकभाईंनी जेवताना नुसतं बघितलं. मी म्हटलं, इन्शाल्ला.
चारला सु.चा मेसेज. "येताना दूध आण. दोन लिटर."
खोकल्याचं एक अक्षर नाही. पण दोन लिटर! तिघांना दोन-तीन दिवस पुरेल एवढं.
दुकानासमोर गाडीत बसून हे लिहितोय. दूध मांडीवर. वारा पुन्हा वाढलाय.